स्टेअरिंग कॉलम उघडून बसवला, आणि आता हॉर्न वाजत नाही: वायरिंगचा दोष कुठून शोधायचा?

कॉलमचं, म्हणजे स्टेअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याचं, काम खरं तर मेकॅनिकल. खालून कट-कट आवाज येत होता म्हणून जॉइंट बदलला, किल्लीचं कुलूप घासलं होतं म्हणून नवं टाकलं, किंवा ईपीएसच्या (विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगच्या) मोटरसकट अख्खी असेंब्लीच बदलली. गाडी परत मिळते तेव्हा जुना आवाज गेलेला असतो, पण दुसरंच काहीतरी उभं राहिलेलं असतं. हॉर्न मुका होतो, एअरबॅगचा दिवा विझत नाही, वळण झाल्यावर इंडिकेटर आपोआप परत येत नाही, नाहीतर सेल्फच लागत नाही.

अशा वेळी नवा पार्ट मागवायची घाई करू नका. जे कालपर्यंत चालत होतं ते आज बंद आहे, आणि मधल्या काळात हात फक्त कॉलमच्या आसपास गेला आहे. म्हणजे दोषही बहुतेक तिथेच आहे. कपलर (वायर जोडणारा प्लास्टिकचा जोड) नीट बसलेला नाही, अर्थिंगची वायर बोल्टखाली घ्यायची राहिली, वायर पत्र्याखाली चेपली किंवा फिरणारी वस्तू चुकीच्या जागी बसली, यापैकीच काहीतरी निघतं. खरोखर जळालेला पार्ट क्वचितच सापडतो, आणि सापडला तरी तो या चारपैकी एका चुकीमुळेच जळालेला असतो.

पुढची माहिती स्विफ्ट, वॅगन-आर, आय-टेन यांसारख्या लहान गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. त्यांत पॉवर स्टेअरिंगची मोटर कॉलमवरच, डॅशबोर्डच्या आत बसलेली असते. इतर गाड्यांत जागा आणि वायरचे रंग बदलतील, शोधायची पद्धत तीच राहील.

आधी एअरबॅग

जुलै २०१९ पासून भारतात बनणाऱ्या प्रत्येक प्रवासी कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि त्याआधीच्याही कित्येक गाड्यांत ती आहे. हॉर्नच्या पॅडमागे ती स्फोटक घेऊन बसलेली असते. तिच्यापर्यंत जाणारे कपलर आणि त्यांवरचं आवरण पिवळं असतं. पिवळ्या वायरला मल्टीमीटर लावायचा नाही, टेस्टर लॅम्प तर अजिबात नाही. ओहम मोजताना मीटर स्वतःच थोडा करंट सोडतो, आणि एअरबॅगच्या बाबतीत तेवढीही जोखीम घ्यायची नसते.

कुठलाही कपलर काढण्याआधी:

१. किल्ली ऑफ करून बाहेर काढा.
२. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि परत टेकणार नाही असं बाजूला बांधून ठेवा.
३. थांबा. एअरबॅगच्या कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो. कंपन्यांच्या पुस्तिकांत वेगवेगळा वेळ दिलेला असतो. दहा मिनिटं थांबलात तर बिघडत काहीच नाही.

एअरबॅगचं पॅड काढावंच लागलं तर ते टेबलावर उताणं ठेवा, म्हणजे तुम्हाला दिसणारी बाजू वर. पालथं ठेवलेलं पॅड चुकून उडालं तर धातूचा भाग तोफगोळ्यासारखा वर येतो. आणि पॅड सुटं असताना किल्ली ऑन करून बघायचा मोह टाळा. तेवढ्यानेच कंट्रोलर 'एअरबॅग सापडत नाही' असा कोड साठवतो. नंतर सगळं बरोबर जोडलं तरी बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने तो कोड पुसल्याशिवाय दिवा विझत नाही. कॉलमच्या कामानंतर पेटून राहिलेल्या एअरबॅगच्या दिव्यामागे अनेकदा एवढंच असतं.

काय काय लागेल

साधा डिजिटल मल्टीमीटर, २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायर जोडून केलेला टेस्टर लॅम्प, फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, प्लास्टिकची पट्टी (कव्हर उचकटायला, कारण लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने लॉक तुटतात), टॉर्च आणि आपल्या मॉडेलचं वायरिंग डायग्राम. टेस्टर घेताना एलईडीचा घेऊ नका. एलईडी दोन-चार मिलिअँपिअरवरही छान उजळतो, त्यामुळे एका तंतूवर लटकलेली वायरही तुम्हाला धडधाकट वाटते. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि खराब जोड तिथेच उघडा पडतो. मात्र कंट्रोलरला जाणाऱ्या बारीक सिग्नल वायरवर हा बल्ब लावू नका, तिथे मीटरच वापरायचा.

बॅटरी

गॅरेजमध्ये गाडी दोन दिवस दार उघडं ठेवून उभी होती, आतला दिवा चालू होता, मधेमधे किल्ली ऑन करून बघणं झालं. बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता भरपूर. कमी व्होल्टेजवर ईपीएस आणि इतर कंट्रोलर खोटेनाटे दिवे लावतात, आणि आपण दिवसभर कॉलममध्ये डोकं घालून बसतो.

गाडी तासभर बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, तेव्हा आधी चार्ज करा. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे यापेक्षा कमी-जास्त देतो, तो दोष नव्हे. टर्मिनल हाताने हलवून बघा. हलत असेल तर पुढे जायचं कारणच नाही, आधी ते आवळा.

काय बंद आहे ते नव्हे, काय काय एकत्र बंद आहे ते लिहा

किल्लीच्या प्रत्येक स्थितीत काय चालतं आणि काय नाही हे कागदावर उतरवा. हे पाच मिनिटांचं काम कुणी करत नाही, आणि मग पाच तास जातात. एकेकटा दोष फार काही सांगत नाही, पण जोडी सांगते.

हॉर्न, स्टेअरिंगवरची आवाजाची बटणं आणि एअरबॅगचा दिवा तिन्ही एकदम बिघडले असतील तर क्लॉक स्प्रिंग (स्टेअरिंगमागची रिबनची डबी, तिच्याबद्दल पुढे). एकटा हॉर्न गेला असेल तर फ्यूज, रिले किंवा अर्थिंग. इंडिकेटर, डिपर आणि हेडलाइट एकत्र बंद असतील तर कॉम्बिनेशन स्विचचा, म्हणजे स्टेअरिंगमागच्या दांड्यांच्या स्विचचा, कपलर. किल्ली ऑन केल्यावर मीटर, वायपर, ब्लोअर सगळंच मेलेलं, पण हजार्ड आणि ब्रेक लाइट चालतात, तर इग्निशन स्विच किंवा त्याचा मोठा फ्यूज. सेल्फ फिरतो, इंजिन पेटतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं, शिवाय मीटरमध्ये किल्लीच्या किंवा कारच्या चिन्हाचा दिवा लुकलुकतोय, तर इमोबिलायझर (किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा). नुसतं स्टेअरिंग जड आणि ईपीएसचा दिवा, तर ईपीएसचे कपलर. आणि एबीएस, ईपीएस, एअरबॅग असे चार-पाच दिवे एकाच वेळी लागले असतील तर चार-पाच दोष शोधत बसू नका. त्या सगळ्यांना लागणारी एखादी गोष्ट गेलेली असते: अर्थिंग, फ्यूज किंवा कॅनच्या (कंट्रोलर एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या लाइनच्या) दोन वायर.

फ्यूज

फ्यूजचे डबे दोन असतात, एक ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली आणि दुसरा बॉनेटमध्ये बॅटरीशेजारी. फ्यूज काढून डोळ्यांनी बघण्यापेक्षा किल्ली ऑन ठेवून टेस्टरचं एक टोक अर्थला लावा आणि दुसरं फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांना टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही, दोष त्याच्या आधी आहे. एअरबॅगच्या फ्यूजला मात्र टेस्टर लावायचा नाही, तो बॅटरी काढून बाहेर घ्या आणि नुसता डोळ्यांनी तपासा.

रंग लक्षात असलेले बरे: तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. लाल फ्यूज परत परत उडतो म्हणून तिथे पिवळा घालणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं. आत वायर जळेल आणि मग खर्च हार्नेसचा, म्हणजे वायरच्या अख्ख्या जुडग्याचा.

फ्यूज परत उडत असेल तर तो काढून त्याच जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. लाइन कुठे पत्र्याला टेकत असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे काही जळणार नाही. आता कॉलमच्या खालचा हार्नेस थोडा थोडा हलवत जा. ज्या क्षणी बल्ब मंद होतो किंवा विझतो, त्या क्षणी तुमचा हात दोषावर असतो. एकामागून एक फ्यूज जाळण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी स्वस्त पडते. ही चाचणीसुद्धा एअरबॅगच्या आणि ईपीएसच्या फ्यूजवर करायची नाही.

कव्हर उघडल्यावर काय बघायचं

कॉलमचं खालचं कव्हर बहुतेक गाड्यांत खालून लावलेल्या दोन-तीन स्क्रूंवर असतं. ते निघालं की दोन अर्ध्या वाट्या लॉकमधून सुटतात. सुटताना थोडं थांबून नजर टाका: एखादी वायर दोन वाट्यांच्या मधे चिमटली आहे का? असं घडतं, आणि कव्हर काढलं की दोष आपोआप 'बरा' होतो, बसवलं की परत येतो.

मग एकेक कपलर बघा. डाव्या-उजव्या दांड्यांचे दोन, इग्निशन स्विचचा जाड वायरचा एक, कुलपाभोवतीच्या इमोबिलायझरच्या रिंगचा छोटा एक, किल्ली आत आहे की नाही हे सांगणाऱ्या स्विचचा, क्लॉक स्प्रिंगचे एक-दोन, आणि खाली ईपीएसचे. प्रत्येकाला 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबा आणि मग हलकेच मागे ओढून बघा. टक् न होता नुसता घुसलेला कपलर दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी खड्ड्यात दगा देतो.

कपलर बसलेला असूनही लाइन मिळत नसेल तर त्याच्या मागच्या बाजूने बघा, एखादी पिन बाकीच्यांपेक्षा मागे सरकलेली दिसते का. कपलर तिरका लावून जोर दिला की पिन मागे ढकलली जाते किंवा वाकते. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत पिनांवर हिरवट गंजही सापडतो, त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो. पॉलिश पेपरने पिन घासू नका, वरचा मुलामा गेला की गंज दुप्पट वेगाने येतो.

नवशिक्यांना हमखास घाबरवणारी एक गोष्ट: एखादा कपलर मोकळाच लोंबकळत असतो आणि त्याची जोडी कुठेच सापडत नाही. कित्येकदा ती जोडी नसतेच. कंपनी महाग आणि स्वस्त मॉडेलला एकच हार्नेस वापरते, त्यामुळे बेस मॉडेलमध्ये क्रूझ कंट्रोलचे किंवा ऑडिओ बटणांचे कपलर रिकामेच राहतात. कपलरवर धूळ बसलेली असेल किंवा कंपनीची टेप गुंडाळलेली असेल तर तो कधी जोडलेलाच नव्हता. चकचकीत पिनांचा कपलर रिकामा दिसला तर मात्र त्याची जोडी शोधाच.

अर्थिंग

कॉलमच्या ब्रॅकेटच्या एखाद्या बोल्टखाली गोल डोळ्याची अर्थ वायर असते. काम करणारा बोल्ट काढतो, वायर बाजूला होते, परत आवळताना ती तशीच मागे राहते. डोळ्याने दिसली तर उत्तम, नाहीतर मीटरने शोधा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक कॉलमच्या उघड्या धातूला, काळं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. आता हेडलाइट, ब्लोअर चालू करा आणि हॉर्न दाबा. दाखवलेला आकडा ०.१ व्होल्टच्या आत असायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंग नावालाच आहे. ओहम मोजून हे कळत नाही. एक तंतू शिल्लक असला तरी मीटर शून्य ओहम दाखवतो, भार पडल्यावरच खरं बाहेर येतं.

हॉर्न

बहुतेक गाड्यांत हॉर्नचं बटण करंट देत नाही, अर्थ देतं. बटण दाबलं की रिलेच्या कॉइलला अर्थ मिळतो, रिले ओढला जातो आणि हॉर्नला करंट जातो. त्यामुळे दोष दोन भागांत वाटता येतो. क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या, पिवळा नसलेल्या कपलरमध्ये हॉर्नची वायर कोणती हे डायग्रामवरून नक्की करा. टेस्टर लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, दुसरं त्या वायरच्या पिनला मागून टेकवा. हॉर्न वाजला तर खालचं सगळं ठीक आहे, दोष वर आहे, म्हणजे क्लॉक स्प्रिंग किंवा बटण. नाही वाजला तर फ्यूज, रिले आणि हॉर्न तपासा. रिले नसलेल्या जुन्या गाडीत हॉर्नऐवजी टेस्टरचाच दिवा पेटेल, तरी निष्कर्ष तोच.

किल्ली ऑन करताच, किंवा किल्लीशिवायही, हॉर्न सतत वाजत असेल तर ती वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे, नाहीतर पॅड बसवताना बटणाचे स्प्रिंग तिरके दबलेत.

क्लॉक स्प्रिंग

कॉलमच्या कामात सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. स्टेअरिंग फिरतं, कॉलम स्थिर असतो, आणि दोघांमधून एअरबॅगची व हॉर्नची लाइन न्यायची असते. त्यासाठी प्लास्टिकच्या डबीत चपटी रिबन घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. स्टेअरिंगसोबत ती एकीकडे आवळते, दुसरीकडे सैल होते.

स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेतीन वेढे फिरतं, आणि रिबनमध्ये साधारण पाच वेढ्यांची सोय असते. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम पाऊण वेढ्याची सवलत. आता कॉलमचा खालचा जॉइंट सुटलेला असताना कुणी स्टेअरिंग एक वेढा फिरवलं तर? स्टेअरिंग परत सरळच दिसतं, कारण एक वेढा फिरून ते जागेवर आलेलं असतं. पण रिबन एका वेढ्याने सरकलेली असते. गाडी चालते, हॉर्न वाजतो, सगळं छान. मग पार्किंगमध्ये पहिल्यांदाच स्टेअरिंग एका टोकाला पूर्ण वळतं, कागद फाटल्यासारखा 'कर्र' आवाज होतो आणि हॉर्न, बटणं, एअरबॅग एकदम जातात. बिचारा पार्ट खराब निघाला म्हणून नवा टाकला जातो, तसाच चुकीच्या जागी बसतो आणि तोही तुटतो.

म्हणून कॉलम खालून सोडण्याआधी चाकं सरळ करून स्टेअरिंग सीट-बेल्टने किंवा दोरीने बांधून ठेवायचं, आणि जॉइंट व शाफ्टवर रंगाची खूण करायची. खूण राहून गेली असेल तर क्लॉक स्प्रिंग अशी मध्यावर आणा:

१. बॅटरी काढा, थांबा, पुढची चाकं नेमकी सरळ करा. स्टेअरिंग काढा.
२. क्लॉक स्प्रिंगचा फिरता भाग बोटांनी एका दिशेला हलकेच फिरवा. अडला की लगेच थांबा. जोर दिलात तर रिबन इथेच तुटते.
३. तिथून दुसऱ्या टोकापर्यंत वेढे मोजत जा. समजा पाच भरले.
४. निम्मे, म्हणजे अडीच वेढे, परत या. डबीवरच्या दोन खुणा समोरासमोर येतील. काही मॉडेलांत पुस्तिकेत वेढ्यांचा आकडाच दिलेला असतो, तो प्रमाण.
५. स्टेअरिंग बसवताना डबीवरच्या खुंट्या स्टेअरिंगच्या पाठीमागच्या खाचांत जातायत ना, हे चाचपून बघा.

नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावर लॉक होऊन येते, पिन किंवा स्टिकर लावलेला असतो. कॉलमवर बसल्याशिवाय ते काढू नका.

इंडिकेटर आपोआप परत न येण्याचं कारणही बहुधा इथेच सापडतं. दांडी परत पाडणारी कड काही गाड्यांत क्लॉक स्प्रिंगवर, तर काहींत स्टेअरिंगच्या बुडाशी असते. खुंट्या खाचांत गेल्या नसतील किंवा स्टेअरिंग एखाद्या दात्याने चुकलं असेल तर एका बाजूचा इंडिकेटर लवकर पडतो, दुसऱ्या बाजूचा पडतच नाही. कॉम्बिनेशन स्विच बदलून काही होणार नाही.

इग्निशन स्विच आणि सेल्फ

किल्लीचं कुलूप वेगळं, त्यामागचा विजेचा स्विच वेगळा. स्विच दोन छोट्या स्क्रूंवर बसतो आणि कुलपाची जीभ त्याच्या खाचेत जाते. बसवताना दोन्ही ऑफ स्थितीत नसतील तर किल्ली एक खूण पुढे-मागे चालते: एसीसीवर मीटर लागतो, ऑनवर सेल्फ. यातला धोकादायक प्रकार म्हणजे किल्ली सोडल्यावरही सेल्फ चालूच राहणं. असं झालं तर विचार करत बसू नका, लगेच बॅटरीचं टर्मिनल काढा. सेल्फची मोटर मिनिटभरात जळू शकते.

सेल्फ लागतच नसेल तर डायग्राम बघून स्विचच्या कपलरमध्ये मागून मोजा. बॅटरीच्या वायरवर कायम १२ व्होल्ट हवेत, ऑनला इग्निशनच्या वायरवर आणि स्टार्टला सेल्फच्या वायरवर. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरमध्ये भार असताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर स्विचचे कॉन्टॅक्ट जळालेत. स्विचमधून बरोबर बाहेर पडतंय तरी सेल्फ गप्प असेल तर पेडलकडे वळा. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि त्या पेडलचा स्विच कॉलम काढताना कोपराने सहज निसटतो.

ब्रेक पेडलच्या स्विचचंही तेच. पुढे बसून ब्रेक लाइट दिसत नाहीत, त्यामुळे दोन दिवस कळतही नाही. कुणालातरी मागे उभं करा. लाइट कायम लागून राहिले असतील तर सकाळपर्यंत बॅटरी संपलेली असेल, लागतच नसतील तर मागचा येऊन धडकेल.

कुलूप नवं आणि किल्ली नवी असेल तर इमोबिलायझर अडवणार, कारण चिप जुन्या किल्लीत आहे. तपासायला सोपं: जुनी किल्ली कुलपाभोवतीच्या रिंगला चिकटवून धरा आणि नव्या किल्लीने सेल्फ मारा. इंजिन चालू राहिलं तर वायरिंग ठीक आहे, फक्त नव्या किल्लीचं प्रोग्रामिंग बाकी आहे. जुनी किल्लीही चालत नसेल तर रिंगचा कपलर बघा.

ईपीएस

ईपीएसच्या कंट्रोलरला जाड वायरचा पॉवर कपलर, मोटरचा कपलर आणि टॉर्क सेन्सरचा (स्टेअरिंगवरचा जोर मोजणाऱ्या सेन्सरचा) बारीक कपलर असे तीन तरी जोड असतात. फ्यूज बॉनेटमधल्या डब्यात, मोठ्या अँपिअरचा. फ्यूज आणि कपलर ठीक असूनही दिवा जात नसेल तर दोन शक्यता राहतात. असेंब्ली नवी असेल तर टॉर्क सेन्सरचा शून्यबिंदू स्कॅनरने शिकवावा लागतो. जिथे ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आहे तिथे स्टेअरिंगच्या कोनाच्या सेन्सरलाही. हे न केल्यास गाडी एका बाजूला ओढते किंवा स्टेअरिंग डावीकडे हलकं आणि उजवीकडे जड लागतं. दुसरी शक्यता हातोड्याची. अडकलेला शाफ्ट ठोकून काढला असेल तर टॉर्क सेन्सर गेलेला असू शकतो, आणि त्यावर वायरिंगमध्ये औषध नाही.

स्टेअरिंग टोकाला बराच वेळ दाबून धरलं की मोटर तापते आणि मदत थोडा वेळ कमी होते. तो दोष समजू नका.

बरेच दिवे एकदम लागले तर

बॅटरी काढून ओबीडीच्या सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर लावतात तिथे) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅनच्या लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे मीटरने ६० दाखवायला हवेत. १२० आले तर कुठेतरी तार तुटली किंवा एखादा कपलर राहिला, शून्याजवळ आले तर दोन्ही वायर एकमेकींना टेकल्यात. मधे गेटवे असलेल्या गाड्यांत हा आकडा वेगळा येतो, तिथे पुस्तिकाच बघावी लागते.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुधा फक्त 'पी'ने सुरू होणारे इंजिनचे कोड वाचतो आणि 'दोष नाही' असं सांगून मोकळा होतो. एअरबॅगचे कोड 'बी'ने, ईपीएसचे 'सी'ने, संपर्क तुटल्याचे 'यू'ने सुरू होतात. ते वाचणारा स्कॅनर हवा. कोड आधी लिहून घ्या, मग पुसा, गाडी फिरवा, परत वाचा. परत आलेलाच कोड खरा, बाकीचे काम चालू असताना साठलेले.

कंपनीचं नसलेलं वायरिंग

आपल्याकडे हा भाग वगळून चालत नाही. म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, फॉगलॅम्प, सेंट्रल लॉकचा सायरन यांच्या वायर बहुतेक वेळा इग्निशन स्विचच्या मागेच सोलून, पिळून, टेप मारून जोडलेल्या असतात. कॉलम ओढला की हे जोड आधी सुटतात. काळ्या टेपचा चिकट गोळा दिसला तर उघडा, नीट सोल्डर करून स्लीव्ह चढवा किंवा तो फाटा सरळ काढून टाका. उंदरांनी कुरतडलेली वायरही याच तपासणीत सापडते.

शेवटची चाचणी

कव्हर बसवण्याआधीच गाडी उभी ठेवून हे करा. इंजिन चालू करून हॉर्न दाबून धरा आणि स्टेअरिंग हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत न्या. हॉर्न कुठेही तुटता कामा नये (ही चाचणी सोसायटीच्या आवारात दुपारी करू नका). टिल्टची सोय असेल तर कॉलम पूर्ण वर-खाली करा. हार्नेस ताणला जातोय किंवा धारेवर घासतोय का ते तेव्हाच दिसतं, आणि त्याला बांधायची मूळ क्लिप हरवली असेल तर केबल-टाय लावा. किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो मुळीच लागत नसेल तर समाधान मानू नका, दोष झाकण्यासाठी कुणीतरी दिवाच तोडलेला असू शकतो. जुनी गाडी घेतानाही हे बघावं. एअरबॅगचा कोड परत आला तर घरचं काम तिथेच थांबवून गाडी कंपनीचा स्कॅनर असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या.

रात्री गाडी लॉक करण्याआधी, इंजिन बंद करून तासभर झाल्यावर बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेवा आणि सकाळी परत मोजा. ०.१ व्होल्टच्या आसपास उतरलं असेल तर ठीक. त्याहून बरंच जास्त उतरलं असेल तर निगेटिव्हच्या लाइनमध्ये मीटर अँपिअरवर लावून, दारं बंद करून, अर्धा तास थांबून करंट बघा. सगळे कंट्रोलर झोपल्यावर तो ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आणि किल्ली काढल्यावरही दार उघडताच 'किल्ली राहिली'चा पीं-पीं येत असेल तर फ्यूज काढायचीही गरज नाही: कुलपातला किल्लीचा छोटा स्विच अडकलेला आहे आणि गाडी रात्रभर किल्ली आतच आहे असं समजून जागी राहतेय.